दंडाच्या पावत्या

नाशिकच्या जिल्हा न्यायालयाचे फाटक आणि सीबीएसचा, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाचा, चौक यांच्यात हाकेचे अंतर आहे. ६ मार्च २०१८ रोजी त्या चौकातून हजारो शेतकरी पायी मुंबईला निघाले. त्यांत सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी या बाजूचे आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि त्यांची एक मुख्य मागणी कसत असलेल्या वनजमिनीच्या पट्ट्यांची होती. सुमारे १८० किलोमीटर चालून, दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांचा खोळंबा होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून पार करून, १२ तारखेच्या पहाटे ते आझाद मैदानात पोहोचले. त्या सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे सीएसएमटीला उतरून फोर्टातील कार्यालयाकडे निघाले होते. मी तेव्हा एका मोठ्या कॉर्पोरेट लॉ फर्ममध्ये वकील होते आणि आमचे घर नाशिकच्या त्या चौकापासून वीस मिनिटांवर होते.

मैदानाच्या कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने मला पाण्याची टाकी कुठे आहे ते विचारले. बोलण्यावरून ती पेठकडची असावी असे वाटले, म्हणून मी गावाचे नाव विचारले, आणि मग तिने माझे विचारले. नाशिक म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग आमचीच की गं तू." मी वकील आहे हे कळताच तिने कमरेला बांधलेल्या खताच्या पिशवीतून कागदांची घडी काढून माझ्या हातात दिली. तिच्या तळपायांना आलेले फोड मी पाहिले आणि नंतर तो कागद वाचला. त्यावर तिच्या नवऱ्याच्या नावाने एका ओळीत लिहिले होते, "पुराव्याअभावी दावा अमान्य." कोणता पुरावा दिला होता, कोणता कमी पडला, अपील कुठे आणि किती दिवसांत करायचे, यांपैकी काहीही त्यात नव्हते. मी तिला म्हटले, "बघते." तो शब्द उच्चारतानाच मला ठाऊक होते की मी काही बघणार नाही, कारण दहा वाजता एका कंपनीच्या खरेदीचा व्यवहार पुरा व्हायचा होता आणि त्यासाठी आम्ही सहा जण तीन आठवडे कागद वाचत होतो.

आमच्या कामाचे स्वरूप बाहेरच्यांना फारसे माहीत नसते. एखादी कंपनी दुसरी कंपनी विकत घेते तेव्हा विकणाऱ्या कंपनीचे सगळे करार, परवाने, जमिनीचे कागद, कर्जे, खटले वाचून काढायचे, त्यात काय आहे, काय नाही आणि काय असायला हवे होते याची यादी करायची, हे कनिष्ठ वकिलांचे काम असते. दिवस सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत मोडून प्रत्येक तुकडा कोणत्या क्लायंटच्या नावावर गेला ते रात्री टाइमशीटमध्ये भरायचे असते. काही वर्षांनी माणसाला घरी चहा घेतानाही दोन तुकडे गेले असे वाटू लागते. मी हे काम नऊ वर्षे केले आणि ते मला आवडत असे, हेही सांगायला हवे. कागद नीट वाचण्यात एक समाधान असते, आणि ते मला वडिलांकडून मिळालेले आहे. आबा नाशिकच्या कोर्टात एका दिवाणी वकिलांकडे आयुष्यभर कारकून होते. साहेबांच्या आधी त्यांनी फाइल वाचलेली असे आणि पुढची तारीख त्यांच्या डायरीत रोजनाम्याच्याही आधी चढलेली असे.

फर्मची एक सामाजिक उपक्रम समिती होती आणि वर्षाचा कार्यक्रम ठरलेला होता. जानेवारीत मॅरेथॉन, पावसाळ्यात झाडे, ऑक्टोबरच्या दानोत्सवात जुने कपडे आणि वह्या, मध्येच एखाद्या महापालिका शाळेची भिंत रंगवणे. त्या भिंतीबद्दल मला नेहमी एक प्रश्न पडे. तासाला काही हजार रुपये आकारणाऱ्या चाळीस वकिलांनी शनिवारी वाकडीतिकडी फुलपाखरे रंगवायची, त्यापेक्षा त्याच शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या टेबलावर पडलेले जागेच्या वादाचे पत्र एकाने वाचले असते तर शाळेला अधिक उपयोग झाला नसता का? पण पत्र वाचण्याचा फोटो येत नाही.

यात एक गंमत आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. त्या दोन टक्क्यांत काय बसते आणि काय बसत नाही, याचे सल्ले आमच्यासारख्या फर्म देतात आणि त्याचे बिलही लावतात, मात्र स्वतः फर्म या कंपन्या नसून भागीदारी संस्था किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्था) असल्यामुळे ते कलम त्यांना लागू होत नाही. वकिलांना जे लागू होते ते वेगळेच आहे. बार कौन्सिलच्या नियमांतील ४६ वा नियम सांगतो की ज्याला वकिलाची खरोखर गरज आहे, त्याला पुरेशी फी देता येत नसली तरी कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे, आणि आपल्या आर्थिक कुवतीत राहून गरीब आणि पीडितांना मोफत साहाय्य देणे हे वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे. त्यात टक्केवारी नाही, तासांची संख्या नाही, न पाळल्यास विचारणारे कोणी नाही. अमेरिकेतील बार असोसिएशनच्या आदर्श नियमात निदान वर्षाला ५० तासांचे उद्दिष्ट लिहिलेले आहे, तेही ऐच्छिकच.

त्या मार्चनंतर मी समितीला एक टिपण लिहिले. वनहक्क कायदा २००६ चा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला प्रत्यक्ष ताब्याइतक्या, पण जास्तीत जास्त चार हेक्टर जमिनीवर हक्क मिळू शकतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, वारसांकडे जातो आणि विकता येत नाही. दावा आधी ग्रामसभेकडे, मग प्रांतांच्या उपविभागीय समितीकडे, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे असा चढत जातो, आणि खालच्या पायरीवरच्या निर्णयाविरुद्ध वरच्या पायरीवर जायला साठ दिवस मिळतात. या पायऱ्यांवर बहुतेक दावे कायद्याच्या नव्हे तर कागदांच्या प्रश्नावर अडकतात, आणि कागद वाचणे हाच तर आपला धंदा आहे, असे मी त्यात लिहिले होते. समितीला कल्पना आवडली. मात्र मंजुरी मिळाली ती शिबिराला.

जानेवारी २०१९ मध्ये पेठ तालुक्यातील एका पाड्यावर आम्ही चौदा जण दोन गाड्यांतून गेलो. निघण्याआधी बॅनरवर फर्मचे नाव असावे की नाही यावर बैठक झाली होती. वकिलाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात करू नये असे बार कौन्सिलचा ३६ वा नियम सांगतो, म्हणून बॅनर रद्द झाला, पण सगळ्यांच्या टी-शर्टवर फर्मचे चिन्ह होते. ते नियमात कसे बसले हे मला आजही उमगलेले नाही.

शाळेच्या व्हरांड्यात टेबले मांडली आणि माणसे पिशव्या घेऊन येऊ लागली. त्या पिशव्यांत काय होते ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. रेशनकार्ड होते, मतदार यादीतील पानाची झेरॉक्स होती, घरपट्टी होती, आणि जवळपास प्रत्येकाकडे वनखात्याने वेळोवेळी फाडलेल्या दंडाच्या पावत्या होत्या. जंगलात अतिक्रमण करून नागली पेरली म्हणून पन्नास रुपये, वरई पेरली म्हणून सत्तर रुपये. काही पावत्यांवर ऐंशीच्या दशकातल्या तारखा होत्या. एका म्हाताऱ्याने आपल्या पावत्या लाजत, सगळ्यांत खाली दडवून आणल्या होत्या, कारण तो गुन्ह्याचा कागद होता आणि वकिलाला दाखवला तर दावा बुडेल असे त्याला वाटत होते. आमच्यातील एका कनिष्ठ वकील मुलीने त्या पावत्या हातात घेतल्या, तारीख पाहिली, गट क्रमांक पाहिला आणि जवळजवळ ओरडलीच, "आजोबा, हाच तर पुरावा आहे!" त्याचे तिला फार कौतुक वाटत होते, म्हाताऱ्याला मात्र ते पटेना. ज्या कागदासाठी त्याने कोंबड्या विकून दंड भरला, तोच कागद आता ती जमीन त्याची असल्याचे सांगणार, हे कुणालाही एका बैठकीत पटण्यासारखे नव्हते.

कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात दावेदाराखेरीज गावातील ज्येष्ठ व्यक्तीचा लेखी जबाबही बसतो. तो किती उपयोगी पडतो हे आम्हाला तिथेच समजले. त्या मुलीने शेजारच्या आणखी एका, त्याहूनही वयस्क गृहस्थांचा जबाब लिहून घेतला. कोणत्या दुष्काळात कोणी कोणता उतार फोडला, बांधावरचे मोहाचे झाड कुणाच्या बापाने राखले, ओहोळ पूर्वी कुठून वाहत असे. उपग्रहाची छायाचित्रे या पुराव्यांना पूरक म्हणून वापरावीत, त्यांची जागा घ्यायला वापरू नयेत, असे २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. छायाचित्रात ओहोळाचा इतिहास दिसत नाही, हे त्या सुधारणा लिहिणाऱ्यांना माहीत असावे.

दिवसभरात साठेक दावे पाहून झाले. जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाचे भुजे होते, संध्याकाळी फोटो निघाले, आणि प्रत्येक कुटुंबाला एक छापील माहितीपत्रक दिले गेले. त्याच्या तळाशी फर्मचा मुंबईचा दूरध्वनी क्रमांक होता.

त्यानंतर महिन्याभरात, १३ फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाचा तो आदेश आला की ज्यांचे वनहक्क दावे अंतिमतः फेटाळले गेले आहेत त्यांना राज्यांनी जमिनीवरून हटवावे. २८ फेब्रुवारीला न्यायालयानेच त्याला स्थगिती दिली आणि दावे कोणत्या प्रक्रियेने फेटाळले गेले ते सांगा असे राज्यांना विचारले, पण मधले पंधरा दिवस पाड्यापाड्यांवर फार वाईट गेले. लोकांनी पत्रकावरचा क्रमांक फिरवला. तो लागत होता आमच्या स्वागतकक्षात. तिथली मुलगी तिला शिकवल्याप्रमाणे प्रत्येकाला नम्रपणे इंग्रजीत आणि मग हिंदीत विचारत होती, "आप कौन सी कंपनी से बोल रहे हैं?" तिचा यात काहीच दोष नव्हता. तिसऱ्या दिवशी तिने मला गाठून विचारले की पेठ नावाची एखादी कंपनी आपली क्लायंट आहे का, कारण तिकडून फार फोन येतात.

त्या शनिवारी मी पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकला आले आणि रात्री आबांना हे सगळे सांगितले. शिबिराचे फोटो त्यांनी आधीच पाहिले होते, कौतुकही केले होते. या वेळी त्यांनी एवढेच विचारले, "ते सगळं ठीक आहे, पण तारखेला कोण उभं राहणार?" मी म्हटले, ही प्रकरणे कोर्टातील नाहीत, समितीपुढची आहेत. ते म्हणाले, "समितीची बैठक असते ना? माणसाला बोलावतात ना? तो बसचे भाडे खर्चून येतो आणि साहेब दौऱ्यावर असतात. मग पुढची तारीख. तेव्हा त्याच्याबरोबर कोण असतं?" चाळीस वर्षे पक्षकारांना कोर्टाच्या आवारात ताटकळताना पाहिलेल्या माणसाचा तो प्रश्न होता आणि माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हते.

पुढचे उत्तर आम्ही दोघांनी मिळून काढले असे म्हटले तरी चालेल. मी समितीकडे दुसरे टिपण घेऊन गेले. त्यात शिबिर नव्हते, टी-शर्ट नव्हते, प्रवासखर्चही नव्हता. मी एवढेच मागितले की प्रत्येक दावेदाराच्या कागदांचे स्कॅन मुंबईत यावेत, कनिष्ठ वकिलांनी कंपनीच्या खरेदीत वाचतात तसे ते वाचावेत, काय आहे, काय नाही आणि काय मिळवता येईल याचा एक पानाचा मराठी गोषवारा करावा, आणि या तासांना टाइमशीटमध्ये स्वतंत्र सांकेतिक क्रमांक द्यावा, म्हणजे वार्षिक मूल्यमापनात ते वाया गेलेले तास म्हणून मोजले जाणार नाहीत. शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त चर्चा झाली आणि सहा महिने गेले. माझ्या मते एखाद्या फर्मची सामाजिक बांधिलकी पाहायची असेल तर तिच्या वार्षिक पुस्तिकेतील फोटो बाजूला ठेवून, फुकट केलेल्या कामाचा तास कनिष्ठ वकिलाच्या बढतीत धरतात की नाही, एवढे विचारावे. आमच्याकडे शेवटी निम्मा धरायचे ठरले. तेही मी वाईट म्हणणार नाही.

आणखी एक अडचण होती आणि ती आजही सुटलेली नाही. मोठ्या फर्ममध्ये कोणतेही नवे काम घेण्याआधी, समोरच्या बाजूला आपलाच एखादा क्लायंट नाही ना, हे तपासावे लागते. व्यक्तिगत वनपट्ट्यात समोर सरकार असते, तेव्हा बहुतेक नावे अडचणीशिवाय पुढे गेली. पण एका पाड्याची संपूर्ण यादी परत आली, कारण त्या बाजूला होऊ घातलेल्या एका प्रकल्पात फर्मच्या क्लायंटचा हितसंबंध होता. वकिली नीतीच्या दृष्टीने तो नकार अगदी बरोबर होता, मीही त्याच टेबलावर बसले असते तर तोच दिला असता. परंतु जिथे जमिनीला किंमत येते तिथेच मोठे क्लायंट पोहोचतात, आणि जिथे ते पोहोचतात तिथल्याच लोकांना वकिलाची गरज सर्वांत जास्त असते, त्यामुळे फर्मची मदत आपोआप त्या डोंगरांकडे वळते ज्यांच्याकडे अजून कुणाचे लक्ष गेलेले नाही. याला उपाय माझ्याजवळ नाही. त्या पाड्याचे कागद मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवले. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट पेठपर्यंत पोहोचलेली नव्हती आणि खरे सांगायचे तर फोर्टातही ती फार जणांना ठाऊक नव्हती.

२०२१ मध्ये मी नोकरी सोडून नाशिकला आले. त्यामागे आबांची तब्येत होती, मुलीची शाळा होती, आणि थोडे हेही होते. आता माझे टेबल जुन्या आग्रा रोडवरच्या न्यायालयाजवळ आहे, दिवाणी दाव्यांवर घर चालते, आणि महिन्यातले काही दिवस समित्यांपुढे जातात. जिल्हा समितीने नाकारलेल्या दाव्यांसाठी २०२० मध्ये राज्यात विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमण्यात आल्या, आणि आमचे आयुक्त कार्यालय नाशिकरोडला आहे. त्यामुळे माझ्या तारखा आता नाशिकरोडलाही असतात. मुंबईतील वाचन सुरू आहे. महिन्यातून दोनदा, शनिवारी, फर्ममधील तीन-चार तरुण वकील पडद्यावर येतात, गोषवारे वाचून दाखवतात, मी चुका सांगते. त्यांतल्या अनेकांचे मराठी शाळेतच सुटलेले असते, तेव्हा 'फेरफार' आणि 'फाळणी' यांत गोंधळ होतो आणि आम्ही हसतो.

काळाराम मंदिरावरून जाताना कधी कधी एक विचार मनात येतो, आणि तो तुलना म्हणून सांगण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. २ मार्च १९३० ला सुरू झालेला तो सत्याग्रह सुमारे पाच वर्षे चालला. त्याचे नेतृत्व करणारे बॅरिस्टर आंबेडकर मुंबईत असत, गोलमेज परिषदेसाठी लंडनला जात, आणि या शहरात रोजचे उभे राहणे दिंडोरी तालुक्यातल्या दादासाहेब गायकवाडांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांभाळले. दोघांमधील पत्रे उपलब्ध आहेत. पुढे याच दादासाहेबांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांच्या जमिनीसाठी सत्याग्रह उभारला, म्हणजे जमिनीचा हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. मोठ्या शहरातला वकील आणि गावात उभा राहणारा माणूस यांच्यातील पत्रव्यवहार टिकला पाहिजे, एवढेच मला त्यातून माझ्या छोट्या कामापुरते घेता आले.

मागच्या महिन्यात पावत्या दडवून आणणाऱ्या त्या आजोबांच्या दाव्याची सुनावणी होती. ते आता काठी घेऊन येतात, नातू बरोबर असतो. साहेब हजर होते, म्हणजे दिवस चांगला होता. समितीतील एका अधिकाऱ्याने विचारले की दंडाच्या पावत्या तर १९९३ नंतरच्या आहेत, मग त्याआधी जमीन पडीक होती का? तिथे तो ज्येष्ठाचा जबाब कामाला आला. जबाब देणारे गृहस्थ तीन वर्षांपूर्वी वारले. दुष्काळाचे, मोहाच्या झाडाचे, ओहोळाचे बोलणे आता त्या दोन पानांखेरीज कुठेही उरलेले नाही. अधिकाऱ्यांनी ती पाने सावकाश वाचली आणि निर्णय राखून ठेवला.

बाहेर आल्यावर आजोबांनी नातवाच्या पिशवीतून नागलीचे पीठ काढून माझ्यापुढे धरले. "हे त्या पोरीला द्या," ते म्हणाले. "लिवून घेनारी. उंच व्हती ती. कुठं हाय आता?"

ती आता फर्ममध्ये बरीच वर चढली आहे. दुपारी फोन केला तेव्हा ती एका व्यवहारात अडकली होती. रात्री साडेअकराला तिचाच फोन आला. पाच वर्षांहून अधिक काळ झाला होता, शेकडो कंपन्यांचे कागद तिच्या नजरेखालून गेले असतील, म्हणून मी प्रकरणाची ओळख करून द्यायला लागले, तर तिने मला मध्येच थांबवले.

"जबाबावरचा अंगठा अजून दिसतोय का? त्या दिवशी मी शाईचा पॅड विसरले होते. पेनाची रिफिल तोडून त्या शाईत घेतला होता."

मी उठून फाइल काढली. ते पान एकतिसावे होते. अंगठा निळा होता, कडेला थोडा पसरलेला, पण रेषा मोजता येत होत्या.

"दिसतोय," मी म्हटले. "त्याचा एक चांगला स्कॅन करून ठेव ना ताई," ती म्हणाली, आणि पिठाच्या भाकरी कशा थापायच्या ते विचारू लागली.